डाव्या हाताची दरी

माझं लग्न होऊन दोन-तीन वर्षं झाली होती, तरी मामंजींशी मी आपणहून कधी बोलले नव्हते. ते सोलापूरच्या कोर्टात वकिली करत. आवाज मोठा, शब्द मोजका. ते ओसरीवर आले की माझ्या हातातलं भांडंसुद्धा वाजत नसे. अशा माणसाने एके दिवशी जेवताना जाहीर केलं, "दक्षिणेत जायचं. आपल्या मोटारीनं. बदामीची बनशंकरी, गोकर्ण, उडुपी. समुद्राकाठानं."

मोटार नवीन नव्हती. एका पक्षकाराकडून घेतलेली, कापडी टपाची. मामंजी ती स्वतः हाकत आणि दुसऱ्या कुणाला हात लावू देत नसत.

मग रोज संध्याकाळी नकाशा पसरला जाऊ लागला. विजापुरात मुक्काम, कृष्णा ओलांडताना मोटार नावेवर चढवायची, हुबळीत पेट्रोलचे डबे भरून घ्यायचे. सासूबाई भाजणी आणि मेतकूट करायला बसल्या. मीसुद्धा हरखले होते. समुद्र मी पाहिलेला नव्हता.

निघण्याआधी गाडी लांबवर पळवून बघायची म्हणून एका सकाळी आम्ही मंगळवेढ्याच्या रस्त्याला निघालो. पुढे मामंजी एकटे, मागे सासूबाई आणि मांडीवर माझी वर्षाची मुलगी घेऊन मी. हे शाळेत मास्तर, त्या दिवशी शाळा होती, म्हणून आले नव्हते. सीना नदी ओलांडली, दोन्ही बाजूंना ज्वारी उभी होती, वारा छान लागत होता. एवढ्यात गाडी हादरायला लागली. टपावर ज्वारीची ताटं सपासप आपटली. समोर मेंढरं उधळली आणि एक म्हातारा धनगर हात पसरून ओरडत पुढे आला. मी मुलीला छातीशी दाबून किंचाळले, "मामंजी!"

गाडी थांबली. मामंजी धनगरावर कडाडले, "रस्त्यात मेंढरं घालतोस?"

तो म्हणाला, "रस्ता तिकडं हाय की, सायेब. तुमी रानात आलाय."

मामंजींनी सगळी मान वळवून पाहिलं. रस्ता आमच्या उजवीकडे राहिला होता. "ऊन डोळ्यांवर आलं," एवढंच सासूबाई म्हणाल्या. ऊन आमच्या पाठीशी होतं.

त्या दिवसापासून मी मामंजींना पाहू लागले. डावीकडे ठेवलेला तांब्या त्यांच्या हाताने लवंडे. मुलगी डाव्या बाजूने रांगत आली की तिच्या अंगावर पाय पडता पडता राहायचा. एकदा मी त्यांच्या डाव्या हाताला चहा घेऊन उभी राहिले, बराच वेळ. त्यांना पत्ताच नव्हता.

मी यांना सांगितलं. हे म्हणाले, "चष्मा बदलायला झाला असेल."

"मग तुम्ही सांगा ना त्यांना."

"मी? वडिलांना?" यांचा चेहरा बघून मला कळलं की या घरात भिणारी मी एकटीच नाही.

तिकडे बेत पुढेच सरकत होता. "यल्लापूरच्या पुढे घाट उतरतो," मामंजी रंगून सांगत होते. "उजव्या हाताला डोंगर, डाव्या हाताला दरी. खाली नुसतं रान." सासूबाई मान डोलवत होत्या. मला त्या दरीशिवाय काही सुचेना. भाकरी थापतानाही चाक कडेवरून सुटल्यासारखं वाटे आणि हात थांबे. मुलीला ताप यावा, म्हणजे जाणं टळेल, असंही एकदा मनात आलं. मग देवापुढे बसून रडले.

निघायच्या आदल्या दिवशी सामान बांधून ओसरीवर आलं. मामंजी खुर्चीत होते. मी मुलीला कडेवर घेऊन समोर जाऊन उभी राहिले.

"मामंजी, मी येत नाही. हिलाही नेऊ देणार नाही."

हे दारात थबकले. सासूबाईंच्या हातातली दोरी तशीच राहिली.

"का?" मामंजींनी विचारलं.

"तुम्हाला डाव्या अंगाचं दिसत नाही."

आता हे घर आपल्याला संपलं, उद्या माहेरी धाडतील, असंच वाटलं. पण मी हलले नाही. मामंजी मग अगदी हळू म्हणाले, "डावा डोळा गेलाय. मिरजेला एका डॉक्टरांना दाखवला. उजवाही जाणार म्हणाले. म्हणून तर घाई आहे, मुली."

सासूबाई मटकन खाली बसल्या. त्यांनाही हे ठाऊक नव्हतं. "अहो, मला तरी सांगायचंत," एवढंच म्हणाल्या आणि पदराने तोंड झाकलं.

हे उंबरा ओलांडून वडिलांसमोर आले आणि पहिल्यांदाच ठाम आवाजात म्हणाले, "जायचं तर आहेच. गाडी दुसरा कुणीतरी चालवेल." मामंजींनी कनवटीची किल्ली काढून यांच्या हातावर ठेवली. त्या क्षणी मला सुटल्यासारखं वाटायला हवं होतं. पण किल्ली देताना मामंजींची बोटं चाचपडली, आणि उजवा डोळाही आताच चालला की काय, अशी मला नव्यानेच भीती वाटली.

यांनी शाळेतून रजा काढली, विजापूरकडचा कानडी बोलणारा एक ड्रायव्हर मिळाला, आणि आम्ही दोन-तीन दिवस उशिरा निघालो. घाट उतरताना मी डोळे मिटून घेतले होते. सासूबाईंचा हात धरला तर तोही गार पडलेला. पुढे बसलेले मामंजी मात्र मान पार वळवून वळवून दरी बघत होते, एखाद्या पोरासारखे.

गोकर्णाला महाबळेश्वराचं दर्शन झालं आणि आम्ही किनाऱ्यावर गेलो. एवढं पाणी बघून मी तिथेच वाळूत बसले. मामंजी धोतरासकट आत शिरले. गुडघे बुडाले, कंबर भिजली. हे मागोमाग धावले. "अहो, पुरे, परता!" सासूबाई ओरडत होत्या. लाटा त्यांच्या छातीवर येत होत्या, आणि ते हलत नव्हते. शेवटी यांनी दंड धरला, तेव्हा कुठे ते वळले. त्यांच्या तोंडावर खारं पाणी होतं, की रडत होते, मला कळलं नाही.

वाळूत येऊन माझ्याशेजारी बसले. सासरा सुनेशेजारी असा कधी बसत नसे. म्हणाले, "चिमणीला दे इकडे." मी मुलीला त्यांच्या मांडीवर ठेवलं. मान वळवून ते उजव्या डोळ्याने तिचं तोंड निरखत राहिले.