सॅमदादाची शुक्रवारची झोप

“प्रभू तिकडे क्रुसावर, आणि हा इकडे खाटेवर!” सुलभाबाई ओरडत होत्या. आवाज असा, की चामटोलीच्या शेतातले बगळे उडाले ते थेट कर्जतला जाऊनच टेकले असतील. गुड फ्रायडेची दुपार. अंबरनाथला चर्चमध्ये मंडळी जमलेली, लाउडस्पीकरच्या खोलीला कुलूप आणि किल्ली सॅमदादाकडे. मग काय, मंडळीतल्या या सर्वांत ज्येष्ठ, सर्वांत खणखणीत बाई माझ्या टेम्पोत जीन्सच्या गठ्ठ्यांशेजारी बसून त्याच्या मेव्हण्याच्या शेतावर येऊन थडकल्या. सॅमदादानं एक डोळा उघडला. “सुलभाताई, किल्ली उशाखाली आहे. हळू ओढा, मान अवघडेल.” डोळा मिटला. संध्याकाळी मात्र एकटाच जाऊन रिकाम्या चर्चमध्ये बसला म्हणे. मला तेव्हाही काही कळलं नव्हतं. तो जाऊन आता काही आठवडे झाले, अजूनही कळत नाही...

सॅम्युएल माझा शेजारी. अंबरनाथ पश्चिमेत आमची भिंतीला भिंत. तो एमआयडीसीत फिटर, मी कॅम्प तीनच्या बाजारात जीन्सचा कारखाना चालवणारा. चर्चशी माझा संबंध नाताळच्या केकपुरता. आमच्या इथे कंपन्यांना सुट्टी शुक्रवारी. म्हणजे रविवारी सॅमदादा कामावर, संध्याकाळी उपासनेला. आणि शुक्रवारी मोकळा म्हणून मंडळीची सगळी कामं त्याच्याच गळ्यात. खुर्च्या, पंखे, आजाऱ्यांच्या भेटी, मयतीची पेटी. मी तर सांगायचो, या माणसाला चार हात आहेत, दोन तो शर्टात लपवतो. मग एका शुक्रवारी खुर्च्या लावता लावता मधल्याच एका खुर्चीवर तो बसला आणि रडायला लागला. काय झालं ते त्यालाच सांगता येईना. नुसतं म्हणत होता, “प्रार्थनेला हात जोडले तरी खुर्च्याच दिसतात.”

चर्चचे धर्मगुरू, पाळकसाहेब, शेजारी बसले. म्हणाले, “सॅम्युएल, मंडळी तुझ्या खांद्यावर नाही, प्रभूच्या आहे. विसावा घेणं हीसुद्धा आज्ञाच आहे.” “कधी घेऊ? रविवारी शिफ्ट.” “मग शुक्रवारी घे.” पाळक भला माणूस, पण बोलताना कॅलेंडर बघायचं राहिलं, गुड फ्रायडेही शुक्रवारीच येतो. सॅमदादानं मात्र शब्द फिटरसारखाच धरला. एकदा आवळला की ढिला नाही. दर शुक्रवारी सकाळी चामटोलीला मेव्हण्याच्या शेतावर. जांभळाखाली खाट. आडवं होण्याआधी आकाशाकडे बघून एवढंच म्हणायचा, “प्रभू, आता तुझी शिफ्ट.” आणि घोरायला लागायचा. ते घोरणं बदलापूर स्टेशनला ऐकू जायचं, लोक गाडी आली समजून पुढे सरकायचे. पण प्रार्थनेत खुर्च्या दिसणं थांबलं, हे खरं. हसूही परत आलं. फक्त एक नियम होता, झोपेतून उठवायचं नाही. कोणीही, कशासाठीही.

मी एकदा शेजारी खाट टाकून पाहिली. “देवावर सोड,” तो म्हणाला. मी म्हटलं, “माझ्या देवाला जीन्सचं काय कळतं?” “माझ्याला तरी कुठं कळतं? तरी सोडतो.” तेवढ्यात माझा फोन वाजला, मग वाजतच राहिला. मी टेम्पो काढला. तो झोपलाच होता. मला हेवा वाटला, रागही आला. ही श्रद्धा म्हणायची की आळस? बरं, आळशी म्हणावं तर बाकीचे सहा दिवस हा माणूस घाण्याला जुंपलेला...

काही आठवड्यांपूर्वीच्या त्या शुक्रवारी मेव्हण्यानं नेहमीसारखं सगळं सांभाळलं. पोरांना दटावलं, शेरडं लांब बांधली, पाण्याचा पंपसुद्धा बंद ठेवला. ऊन उतरलं, चहा गार झाला, तरी कोणी हाक मारली नाही. मारली तेव्हा सॅमदादा गेलेला होता. डॉक्टर म्हणाले, झोपेतच. मग म्हणाले, “जरा आधी आणलं असतं तर...” आणि कागद भरायला लागले. ते अर्धं वाक्य तेव्हापासून माझ्या डोक्यात फिरतंय. ज्या विसाव्यानं तो वाचला, त्यानंच त्याला नेलं का? मेव्हणा तर जेवत नाही. पाळकसाहेबांना विचारलं, ते माझा हात धरून “मलाही माहीत नाही हो” म्हणाले. सुलभाबाईंना विचारायला गेलो, तर त्या पहिल्यांदाच गप्प. कॅम्प तीनच्या बाजारात इतकी शांतता कधी पडली, तर दंगलच झाली म्हणावं.

शेवटी परवा रूथवहिनींकडे गेलो. सॅमदादाची बायको. मेथी निवडत होत्या. मी इकडचं तिकडचं बोललो, भाजीचा भाव काढला, मग एकदम तोंडातून निघून गेलं, “वहिनी, त्या दिवशी उठवायला हवं होतं का हो त्याला?”

वहिनींनी मेथीची एक काडी बाजूला टाकली.

“जन्मभर शिफ्टला मीच उठवलंय त्यांना, भाऊजी. आठवड्यातला एक दिवस नाही उठवलं, झोपू दे म्हटलं.”