‘बहु’ म्हणजे तीन

आमच्या खात्यात रजिस्टरांची कमतरता नाही. आहाराचं रजिस्टर, वजनाचं रजिस्टर, उंचीचं रजिस्टर, गृहभेटींचं रजिस्टर, आणि ही सगळी भरली की नाहीत हे बघायचं आणखी एक रजिस्टर! पण जे रोज घडतं आणि हसावं की रडावं कळत नाही, ते लिहायला मात्र कुठं रकाना नाही. मग ते डोक्यात साठत जातं. महिन्याच्या बैठकीत चहा आला की एखादी सुरू करते, “अगं, परवा काय झालं माहितीये का...” आणि बैठकीचा खरा अहवाल तिथून सुरू होतो.

मी अंगणवाडी पर्यवेक्षिका. माझ्याकडं सोलापूरच्या पूर्व भागातल्या बऱ्याच अंगणवाड्या आहेत, पण माझे निम्मे किस्से एकाच खोलीतले. दोन्ही बाजूंना यंत्रमाग, मध्ये पत्र्याची ही खोली. मुलांच्या आया विड्या वळतात, बाप मागावर. कुणाच्या घरी तेलुगू, कुणाच्या घरी दख्खनी उर्दू, कुणाच्या कन्नड, आणि काहींच्या मराठीसुद्धा! सेविका लक्ष्मीताई घरात तेलुगू बोलतात. मदतनीस शमाआपा उर्दू. मी मूळची कर्नाटक सीमेजवळच्या मैंदर्गीची, म्हणजे घरात कन्नड आणि शाळेत मराठी.

या खोलीत दर वर्षी कुणी ना कुणी ‘बहुभाषिक समावेशक बालशिक्षण’ घेऊन येतं. मुलं आधीपासूनच बहुभाषिक असतात, तेवढी एक अडचण येते.

*

उपक्रमाचा शुभारंभ एका खोक्यानं झाला. वर लिहिलेलं, ‘बहुभाषिक संच’. लक्ष्मीताईंनी हौसेनं उघडला. आत चित्रांचे तक्ते होते. मराठीत, हिंदीत आणि इंग्रजीत.

मी ऑफिसात साहेबांना फोन केला. “सर, तेलुगू नाही, उर्दू नाही, कन्नड नाही. बहुभाषिक कसं म्हणायचं?”

“तीन भाषा आहेत ना? झालं की मग! एकवचन, द्विवचन, बहुवचन. ‘बहु’ म्हणजे तीन. संस्कृत विसरलात काय मॅडम?”

मी लेखी तक्रार दिली. दोन महिन्यांनी दुसरा खोका आला. तो उघडून लक्ष्मीताईंनी एकेक तक्ता उलटसुलट करून बघितला. अक्षरं देवनागरी, पण शब्द एकही ओळखीचा नाही. खालच्या कोपऱ्यात बारीक अक्षरांत लिहिलं होतं, ‘कोरकू’.

“मेळघाटातल्या कुठल्यातरी बाई आत्ता आमची तेलुगू घेऊन बसल्या असणार,” लक्ष्मीताई म्हणाल्या.

“तसवीरां तो अच्छे हैं ना!” म्हणत शमाआपांनी तक्ते भिंतीवर लावूनही टाकले.

पुढच्या आठवड्यात साहेब भेटीला आले. भिंत बघून खूश! “बघा, आली की नाही तेलुगू पोस्टरं? लक्ष्मीताई, वाचा बरं एखादं.”

लक्ष्मीताईंनी चेहरा न हलवता वरपासून खालपर्यंत वाचून दाखवलं.

साहेब डोळे मिटून ऐकत होते. “काय गोडवा आहे हो तेलुगूला!”

*

लक्ष्मीताई लेकीच्या बाळंतपणाला गेल्या तेव्हा महिनाभर एक बदली बाई आल्या. टेंभुर्णीच्या. स्वभावानं फार चांगल्या, पण तेलुगूशी गाठ कधी पडलेली नव्हती.

पहिल्याच दिवशी एक पोरगं भोकाड पसरून ओरडायला लागलं, “पालु! पालु!”

तेलुगूत पालु म्हणजे दूध. हे बाईंना कोण सांगणार? शमाआपा पाणी आणायला गेलेल्या.

“आगं बया! पाल? कुटं हाय?” बाई एका उडीत खुर्चीवर! तिथून झाडू फिरवत भिंतीवर शोध सुरू. “लई मोटी हाय का रं? हितं हाय का तितं?”

पोरगं आणखी जोरात, “पालु!”

बाकीच्या मुलांना वाटलं, नवा खेळ आहे. सगळी पोरं रिंगण करून ओरडायला लागली. शमाआपा आल्या, हसून हसून खाली बसल्या, मग उठून पोराला वाटीत दूध दिलं.

प्रकरण इथं मिटायला हवं होतं. पण दुसऱ्या दिवशी त्याच वेळेला पोरगं पुन्हा “पालु”. आता बाई शहाण्या झालेल्या, लगेच दूध पुढं केलं. पोरानं वाटी ढकलली आणि खुर्चीकडं बोट दाखवलं!

*

अक्कलकोटच्या बाजूनं आलेल्या एका कुटुंबातला बसू नावाचा मुलगा. घरात नुसती कन्नड. कवायतीच्या वेळी लक्ष्मीताई म्हणायच्या, “मुलांनो, उठा!” की सगळी उभी राहायची आणि बसू कोपऱ्यातलं आपलं ताट घेऊन मांडी घालून बसायचा.

कन्नडमध्ये ऊटा म्हणजे जेवण. मला पहिल्याच दिवशी कळलं. त्याला दोन्हींतला फरक शिकवायला आठवडा गेला, आणि त्या आठवड्यात नेमके साहेब आले. “उठा!” झालं. बसू ताटासकट हजर.

साहेबांनी भेटवहीत शेरा मारला, ‘मुलांमध्ये पोषणाविषयी उत्तम जागरूकता आढळली.’

मी खाली सही केली. आमच्या केंद्राला चांगला शेरा मिळाल्याला फार दिवस झाले होते.

*

आता हसू न येणारा एक. म्हणजे आज येतं, तेव्हा आलं नव्हतं.

पुण्याहून एक तज्ज्ञ बाई मुलांच्या भाषाविकासाची चाचणी घ्यायला आल्या. हातात टॅब, चित्र दाखवायचं आणि मुलानं नाव सांगायचं. श्रावणीचा नंबर आला. चार वर्षांची, दोन शेंड्यांची, विडी वळणाऱ्या आईची एकुलती एक लेक.

गाय दाखवली. श्रावणी म्हणाली, “आवु.” बाईंनी नोंद केली, ‘केवळ आवाज काढते.’

कुत्रा. “कुक्का.” ‘कोंबड्याचा आवाज काढते.’

मांजर. “पिल्ली.” ‘अंशतः बरोबर.’

कावळा. “काकी.” बाई थांबल्या, चष्मा वर सरकवला आणि लिहिलं, ‘पक्षी व नातेवाईक यांत गोंधळ.’

पोरीनं चारही उत्तरं तेलुगूत अगदी बरोबर दिली होती! लक्ष्मीताई मागून सांगत होत्या, “मॅडम, ती बरोबर सांगतीय की ओ.” पण चाचणी चालू असताना मध्ये बोलायचं नसतं. निकाल आला, ‘गंभीर भाषिक विलंब. वाचा व श्रवण तपासणीसाठी पाठवावे.’

मी आक्षेप घेतला. साहेब म्हणाले, एकदा सिस्टीममध्ये गेलं की डॉक्टरच्या कागदाशिवाय निघत नाही.

श्रावणीच्या आईच्या हातात कागद दिला तेव्हा तिनं तो उलटा धरला होता. “मॅडम, ही घरात तोंड मिटत नाही. मग हितं मुकी कशी काय झाली ओ?” असं विचारून ती उंबऱ्यावरच रडायला लागली. शेजारणींनी तोवर गल्लीत ‘मुकी’ करून टाकलंही होतं. दोन दिवस पोरीबरोबर कुणी खेळेना.

तिसऱ्या दिवशी मी दोघींना घेऊन दवाखान्यात गेले. आमच्या पुढं एक म्हातारी होती, एकटीच आलेली, तिला तेलुगूशिवाय काही येत नव्हतं. डॉक्टर मराठीत विचारत होते, “आजी, कान कधीपासून दुखतोय?” म्हातारी नुसती बघत होती.

श्रावणी आईच्या मांडीवरून उतरली. म्हातारीला तेलुगूत विचारलं. तिचं उत्तर ऐकून घेतलं. मग डॉक्टरांकडं वळून, शमाआपांकडून उचललेल्या दख्खनीत, अगदी कमरेवर हात ठेवून म्हणाली, “कल से दुखरा बोलरी उनो. काडी डाली थी बोलरी.”

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. “पुढचा पेशंट कोण?”

“हीच,” मी म्हणाले. “हिला बोलता येत नाही.”

त्यांनी आमचा कागद दोनदा वाचला आणि खाली लिहून दिलं, ‘मुलीच्या वाचेत व श्रवणात कोणताही दोष नाही. चाचणी घेणाऱ्यांना तपासणीसाठी आणावे.’

त्या कागदाची झेरॉक्स काढून आईनं गल्लीत घरोघरी दाखवली. मूळ प्रत आम्ही साहेबांना पाठवली. ती कुठल्या फाइलला लावायची यावर तिकडं अजून विचार चालू आहे.

*

पालक सभेत मी पाऊण तास बोलले. लहान मूल आधी घरच्या भाषेत विचार करतं, तिथून त्याला हळूहळू मराठीकडं न्यायचं, घाई करायची नाही. छान झालं भाषण. माझंच मला पटत गेलं.

मागच्या रांगेतून अंबादास नावाचे एक मागावरचे कामगार उठले. “मॅडम, तेलुगू घरात लई हाय. पोराला ए फॉर ॲपल येत नाही, त्याचं बोला की.”

मी पुन्हा समजावलं. आणखी दहा मिनिटं.

ते शांतपणे ऐकून म्हणाले, “पटलं मॅडम. तुमची पोरं कुठल्या मीडियमला होती?”

सगळ्या माना माझ्याकडं वळल्या. शेजारचे मागसुद्धा नेमके तेव्हाच बंद!

“इंग्लिश,” मी म्हणाले.

लक्ष्मीताई ताडकन उठल्या. “चला, चहा घ्या सगळ्यांनी!”

*

‘समावेशक’ या शब्दाखाली आम्हाला रॅम्प मिळाला. जास्मिन नावाची एक मुलगी पायानं अधू, तिच्यासाठी. समोर गटार, म्हणून ठेकेदारानं तो मागच्या भिंतीला बांधला. रॅम्प चढून गेलं की थेट खिडकी येते.

“पोरीला खिडकीतनं आत घेऊ काय?” लक्ष्मीताईंनी विचारलं.

शेवटी शेजारच्या कारखान्यातली एक रुंद फळी शमाआपांनी मागून आणली आणि दाराच्या पायऱ्यांवर टाकली. जास्मिन रोज त्या फळीवरून आत येते.

तपासणीच्या फॉर्मवर प्रश्न होता, ‘रॅम्प आहे का?’ लक्ष्मीताईंनी लिहिलं, होय. पुढं प्रश्न होता, ‘घसरगुंडी आहे का?’ त्यांनी खिडकीतून मागं बघितलं. रॅम्पवर पोरांची रांग लागली होती, आणि सगळ्यांच्या पुढं, दोन्ही हात वर करून, जास्मिन खाली येत होती.

लक्ष्मीताईंनी त्यापुढंही लिहिलं, होय.

*

आता नरसूचं सांगते.

नरसूला जन्मापासून ऐकू येत नाही. वय चार. त्याची आई पहिल्यांदा त्याला घेऊन आली तेव्हा ऑफिसनं सांगितलं, अशा मुलांसाठी वेगळ्या शाळा असतात. त्या शाळेनं सांगितलं, सहा वर्षांचा झाला की आणा. मधली दोन वर्षं त्यानं कुठं बसायचं, हे कुणीच सांगितलं नाही. लक्ष्मीताईंनी त्याला आत घेतलं आणि नाव पटावर लिहिलं.

पहिले काही दिवस तो दाराशीच बसायचा. मग पोरांनी त्याला ओढलं. अडचण अशी की त्याच्याशी कुठल्याच भाषेत बोलून उपयोग नव्हता, म्हणजे सगळेच सारखे अडाणी. हातानं, भुवयांनी, गाल फुगवून पोरं त्याच्याशी बोलायला लागली. अंगठा ओठाला लावला की पाणी. दोन्ही तळवे गालाखाली म्हणजे झोप. अंबाड्याची गाठ आवळल्यासारखं केलं की लक्ष्मीताई चिडल्यात, सांभाळा! काही महिन्यांत पोरं आपसातही तसंच बोलायला लागली.

मग वरून तपासणी आली. मुंबईचे मोठे साहेब, बरोबर आमचे साहेब, त्यांच्यामागं फोटो काढणारा. उन्हाळा, पत्र्याची खोली, मोठ्या साहेबांच्या शर्टाची पाठ ओली झालेली. त्यांनी पट मागितला आणि ‘मातृभाषा’ रकान्यावरून बोट फिरवत खाली आले. तेलुगू, तेलुगू, उर्दू, कन्नड... बोट थांबलं.

“हे काय? ‘सर्व’?”

आमचे साहेब पांढरेफटक. नरसूच्या नावापुढं लक्ष्मीताईंनी तसं लिहिलं होतं. नाव कापलं तर पोराला घरी पाठवावं लागणार.

“सर्व भाषा? कोण हा मुलगा? बोलवा.”

लक्ष्मीताई काही बोलायच्या आत पोरांनीच नरसूला पुढं ढकललं. मोठे साहेब गुडघ्यावर हात ठेवून वाकले. “काय रे बाळ, किती भाषा येतात तुला?”

नरसूनं त्यांच्या तोंडाकडं बघितलं. मग कपाळावरून ओघळणाऱ्या घामाकडं. त्यानं अंगठा ओठाला लावला आणि भुवया उंचावल्या.

साहेब सरळ झाले. “काय म्हणतोय हा?”

“पाणी!” “नीळ्ळु!” “पानी!” “नीरु!” सगळी खोली एकदम ओरडली.

नरसू माठाकडं गेला, पेला भरला आणि दोन्ही हातांनी धरून, न सांडता घेऊन आला. साहेबांनी पेला घेतला. उभ्यानंच, एका दमात संपवला. फोटो काढणाऱ्यानं कॅमेरा खाली घेतला.

साहेबांनी रिकामा पेला नरसूच्या हातात दिला, जरा घुटमळले, आणि आपला अंगठा ओठाला लावला.