युरोपचा प्रोजेक्ट आणि इब्र्याची पार्टनर

युरोपच्या प्रोजेक्टात दर सहा महिन्यांनी रिपोर्ट लिहावा लागतो. त्यात प्रत्येक गोष्टीला चौकट असते. काय ठरलं होतं, काय झालं, उशीर का झाला, सगळं आपापल्या चौकटीत. पण खरं जे घडतं ते कुठल्याच चौकटीत बसत नाही! ते सगळं माझ्याकडे साचत गेलं. आता कोणी सहज जरी विचारलं, "कसा झाला गं तुमचा प्रोजेक्ट?", तरी मी आधी चहा टाकते.

मी मेधा. मूळची चिपळूणची. ओमानमध्ये इब्रा नावाचं गाव आहे, तिथल्या एका खासगी कॉलेजात मी लायब्ररियन. युरोपातली चार विद्यापीठं आणि आमचं कॉलेज यांचा हा एकत्र प्रोजेक्ट. कामं दोन. एक, कोणालाही फुकट वाचता येईल असं संशोधनाचं ऑनलाइन जर्नल काढायचं. दुसरं, विद्यार्थ्यांना इनोव्हेशन शिकवायचं. यातलं मला काय येत होतं? काहीच नाही. मग मी यात शिरले कशी?

* * *

एके दिवशी आमचे डीन, डॉ. सालिम, लायब्ररीत आले. शांत माणूस. घाई हा शब्द त्यांना ठाऊक नाही.

"मेधा, तुला ओपन ॲक्सेस माहीत आहे?"

आता लायब्ररीच्या भाषेत ओपन ॲक्सेस म्हणजे कपाटांना कुलूप नाही. वाचकानं आत यावं, हवं ते पुस्तक हातानं काढावं. मी छाती फुगवून म्हटलं, "सर, आपण बारा वर्षं ओपन ॲक्सेसच आहोत!"

त्यांनी ते जसंच्या तसं प्रोजेक्टच्या अर्जात लिहिलं.

पहिल्या ऑनलाइन मीटिंगला प्रोजेक्टची प्रमुख मार्लेन जवळजवळ खुर्चीतून उठली. "बारा वर्षं? आमच्या विद्यापीठाला अजून जमलेलं नाही! तुम्ही नेमकं केलंत काय?"

"कुलपं काढून टाकली," मी म्हटलं.

मग मार्लेन हळूच म्हणाली, "किती सुंदर बोललात! आडवी येतात ती कुलपंच." आणि तिनं ते वहीत लिहून घेतलं.

ओपन ॲक्सेस म्हणजे संशोधन सगळ्या जगाला नेटवर फुकट खुलं करणं, हे मला कळेपर्यंत माझी जर्नल विभागाची प्रमुख म्हणून नेमणूक झाली होती!

* * *

जर्नलची वेबसाइट उभी करणारे आमचे इस्माईलभाई. कॉलेजचे आयटी टेक्निशियन, रत्नागिरीकडचे. मार्लेननं विचारलं, "साइट कधी तयार होईल?"

"रविवारी, इन्शाल्ला."

"म्हणजे नक्की किती टक्के?" मार्लेनला धोक्यांचा तक्ता भरायचा होता. त्यात लो, मीडियम, हाय असे तीनच पर्याय.

इस्माईलभाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी मान खाली घातली. ते म्हणाले, "मॅडम, आमच्याकडनं शंभर टक्के. बाकीचं आमच्या हातात नाही."

मार्लेननं सुस्कारा सोडून 'हाय' लिहिलं. साइट रविवारी दुपारी सुरू झाली.

पुढच्या महिन्यात मार्लेनचं स्वतःचं मॅन्युअल यायचं होतं. ते आलं नाही. आम्ही विचारलं तर गंभीरपणे म्हणाली, "वर्षाच्या शेवटच्या तिमाहीपर्यंत अपेक्षित आहे."

इस्माईलभाई माझ्या कानाशी आले. "मॅडम, म्हणजे इन्शाल्लाच ना?"

* * *

इनोव्हेशन शिकवायला आधी मलाच तीन दिवस ऑनलाइन शिकवलं. सार असं की, घरबसल्या उपाय शोधू नका. लोकांत जा, त्यांची अडचण त्यांच्याच तोंडून ऐका. ऐकताना चेहऱ्यावर सहानुभूती ठेवा. सहानुभूतीचा मी आरशासमोर सराव केला.

इब्र्यात बुधवारी बायकांचा बाजार भरतो. विकणाऱ्या बायका, घेणाऱ्या बायका. मी पाच विद्यार्थिनींना घेऊन तिथे गेले. हातात रंगीत चिकट कागद, गळ्यात प्रोजेक्टचा बिल्ला. बिल्ल्यावर माझं नाव अरबीत. त्याचा उच्चार 'पोट' या शब्दाच्या इतका जवळ जातो, की पोरी वाचून खुदखुदत होत्या.

एक आजी कापड, अत्तर, लोबान मांडून बसली होती. मी सहानुभूतीचा चेहरा केला आणि शमसा नावाच्या विद्यार्थिनीला म्हटलं, "विचार त्यांना, या धंद्यात तुमची सगळ्यात मोठी अडचण कोणती?"

शमसानं विचारलं. आजीनं क्षणाचाही विचार न करता उत्तर दिलं.

"काय म्हणतायत?"

"मिस... म्हणतात, तुम्ही."

"मी?"

"सावलीत तुम्ही उभ्या आहात. गिऱ्हाईक उन्हात आहे."

मी बाजूला झाले. दोन गिऱ्हाइकं लगेच आत आली. त्या सत्रात ज्याचा परिणाम डोळ्यांनी दिसला, असं इनोव्हेशन तेवढंच!

* * *

मग युरोपची मंडळी आम्हाला भेटायला आली. 'स्थानिक पार्टनर' या नात्यानं त्यांना निझवा हे जुन्या किल्ल्याचं शहर दाखवायचं काम माझ्याकडे. बारा वर्षांत माझं अरबी यल्ला, खलास आणि शुक्रन यांच्यापुढे गेलेलं नाही. मार्लेन चार महिने क्लास लावून आली होती! किल्ल्यावरच्या पाट्या ती वाचायची आणि मला अर्थ सांगायची. मी "हो हो, बरोबर" म्हणायचे, मास्तरीण असल्यासारखी.

बाजारात एका हलव्याच्या दुकानात शिरलो. दाढीवाले, टोपी घातलेले चाचा गल्ल्यावर. मार्लेननं त्यांच्याशी अरबीत बोलायला सुरुवात केली. चाचांनी तिला अरबीत उत्तर दिलं आणि माझ्याकडे वळून हिंदीत विचारलं, "आप किधर से?"

"चिपळूण."

"अगो बाय! चिपळुणातली कुठली तू? मी दापोलीचा!"

झालं! पुढची वीस मिनिटं मी आणि चाचा. चिपळुणात पाणी कुठवर आलं होतं, दापोलीचा रस्ता किती खराब झालाय, आंबा यंदा कसा आहे. युरोपची मंडळी हलव्याच्या वाट्या धरून कौतुकानं बघत उभी.

प्रोजेक्टच्या पुढच्या वार्तापत्रात आमच्या दोघांचा फोटो आला. खाली ओळ होती: 'स्थानिक पार्टनर पारंपरिक ओमानी व्यापाऱ्याशी त्यांच्या मातृभाषेत बोलताना.'

मातृभाषा तेवढी बरोबर होती.

* * *

हे मात्र सांगताना मला अजून घाम फुटतो.

आमच्या जर्नलचा नियम असा: लेख तपासणाऱ्याला लेखकाचं नाव कळत नाही, पण तपासणाऱ्याचं नाव आणि त्याचा अभिप्राय लेखकाकडे जातो. म्हणजे नावाआडून टोमणे मारायची सोय नाही. हा नियम सगळ्यांना समजावून सांगणारी स्लाइड मीच केली होती. मीच!

पहिल्या अंकासाठी लायब्ररींवरचा एक लेख माझ्याकडे तपासायला आला. मी रंगात येऊन लिहिलं, 'लेखक घाईत दिसतो. निष्कर्ष आधीच ठरवून मग पुरावे गोळा केले आहेत. संदर्भ जुने आहेत, लेखकही तसाच असावा.' शेवटच्या वाक्यावर मी स्वतःच हसले आणि बटण दाबलं.

दुसऱ्या दिवशी डॉ. सालिम यांनी केबिनमध्ये बोलावलं. काहवा, म्हणजे इथली कॉफी, ओतला, खजूर पुढे केले. टेबलावर माझा अभिप्राय, आणि त्यावर माझं नाव ठळक अक्षरांत.

लेख त्यांचा होता.

माझ्या दोन वर्षांच्या कराराचं नूतनीकरण त्याच आठवड्यात होतं. फाइल त्यांच्याच सहीला गेलेली. खजुराची बी घशात गेली की हातात राहिली, मला आठवत नाही.

"मेधा, तू लिहिलंस, लेखक घाईत दिसतो."

"सर, ते..."

"नाही, नाही. बरोबर आहे. घाई वाईट." त्यांनी माझी फाइल शांतपणे टेबलाच्या दुसऱ्या टोकाला सरकवली. "आता मी काहीच घाईत करणार नाही."

तीन आठवडे! नवऱ्यानं जुन्या बॅगा काढून त्यांची चाकं तपासली. मी प्रत्येक इमेलला दचकत होते. तेवढ्यात त्यांचा सुधारलेला लेख आला. नवे संदर्भ, नवा निष्कर्ष, आणि खरं सांगते, लेख चांगला झाला होता. मी तसं लिहून कळवलं.

दुसऱ्या दिवशी फाइल परत आली. सहीच्या वर त्यांच्या हातचा शेरा होता: 'किरकोळ दुरुस्त्यांसह स्वीकृत.'

दुरुस्त्या कोणत्या, ते विचारायची माझी हिंमत झालेली नाही.

* * *

आणि हा शेवटच्या परीक्षणाचा दिवस. युरोपातून तीन परीक्षक स्क्रीनवर. त्यातल्या मुख्य बाई कडक. "जर्नल काढलंत, छान. पण वाचतं कोण? नुसती साइट उघडून बंद करणारे नकोत. खरा वाचक दाखवा."

आमच्याकडे सगळ्यांची तोंडं उतरली. उत्तर नसतं तर अखेरच्या मूल्यमापनात शेरा बसला असता. इस्माईलभाईंनी साइटचा नकाशा उघडला. जगभर तुरळक ठिपके. एकदा आले आणि गेले. पण हिंदुस्थानच्या पश्चिम किनाऱ्यावर एक ठिपका चांगला जाड होता.

"हा कोण?" बाई पुढे झुकल्या. "हा रोज सकाळी येतोय! एकच लेख उघडतोय, शेवटच्या पानापर्यंत जातोय. कित्येक महिने! हाच तो खरा वाचक. हा का येतो, ते शोधून उद्यापर्यंत लेखी कळवा."

इस्माईलभाईंनी नकाशा मोठा केला आणि पुटपुटले, "मॅडम, हे तर चिपळूण."

लेख माझाच होता. जर्नलमधला माझा एकुलता एक.

संध्याकाळी मी घरी फोन लावला. बाबांनी उचलला. प्राथमिक शाळेतून मुख्याध्यापक म्हणून निवृत्त झालेत ते. डोळ्यांचं ऑपरेशन झाल्यापासून फोन नाकाला लावून वाचतात.

"बाबा, तुम्ही माझा लेख रोज उघडता?"

"हो. आंघोळ झाली की."

"रोज? एकदा वाचलात ना?"

"एकदाच वाचला. कळला तेवढा कळला."

"मग रोज काय बघता?"

"अगं, शेवटी तूच लिहिलंयस की, 'या विषयावर अधिक संशोधनाची गरज आहे.' म्हणून रोज बघतो, ते झालं का."