काकूंच्या ओट्यावरचं सार्वभौमत्व

राज्याचं सार्वभौमत्व धोक्यात आहे, हे मी एम.ए.च्या पुस्तकात तीन वेळा वाचलं आणि तिन्ही वेळा छान झोपले. झोप उडाली ती वेळापत्रक आल्यावर. दोनदा नापास झालेला नेमका तोच पेपर, पूर्ण तीन तास. आणि चार वर्षांची इरा माझ्याशिवाय दहा मिनिटं कोणाकडे राहत नाही! सासूबाई रत्नागिरीला, नवऱ्याला सुट्टी नाही. ठेवू कुठे हिला?

अभ्यास चालायचा गोडदेव गावातल्या ओळखीच्या काकूंच्या ओट्यावर. मी, माझ्याबरोबर परीक्षेला बसलेली नया नगरची नसरीन, आणि माझा कुर्ता धरून बसलेली इरा. काकू कोळंबी सोलता सोलता ऐकायच्या. तिथले किस्से मी वहीच्या मागच्या पानांवर उतरवायचे. परीक्षा आली तेव्हा मागून लिहिलेलं पुढच्या नोट्सना येऊन भिडलं होतं!

*

पहिल्याच दिवशी मी वाचलं, "आपल्या हद्दीत अंतिम सत्ता, म्हणजे सार्वभौमत्व."

नसरीन म्हणाली, "यार, आमच्याकडे ते गेटवरच अडकलंय."

तिच्या सोसायटीत पालिकेचा डासांवर फवारणी करणारा आला. पाठीवर पंप, गळ्यात ओळखपत्र. वॉचमन म्हणाला, "अ‍ॅप पे अप्रूव्हल नहीं है." हा ओरडतोय, "अरे, सरकारी आदमी हूँ!" तेवढ्यात पिझ्झावाला त्याच्या बाजूने सरळ वर गेला.

काकूंनी मान वर केली नाही. "मंग डासांना अ‍ॅप लागत न्हाय?"

*

माझा नवरा स्टीलच्या भांड्यांच्या कारखान्यात सुपरवायझर आहे. सरकारी इन्स्पेक्टर येणार म्हटलं की शेठ चहा मागवतात. परदेशी बायर बघणार म्हटलं की भिंतींना रंग, कामगारांना हातमोजे आणि आमच्या ह्यांना टाय!

गेल्या वेळी बायरने व्हिडिओ कॉलवरच पाहणी केली. सगळं छान चाललेलं. मग तो म्हणाला, "इमर्जन्सीचं दार दाखवा."

दारासमोर त्याच्याच ऑर्डरचे खोके!

ते दार मोकळं ठेवा म्हणून सरकार किती वर्षं नोटिसा पाठवत होतं. त्या दिवशी जेवणाच्या सुट्टीआधी दार मोकळं.

"लिख ले," नसरीन म्हणाली, "पेपर में डाल!"

*

काकूंच्या माहेरी मिठागरं होती. आता सून ऑनलाइन परदेशी गुलाबी मीठ मागवते. जागतिकीकरणावर काकूंचं एवढंच म्हणणं, "मीठ पिकवनाऱ्यांचे घरान मीठ गाडीवरून येतं! बरं, खारट तरी हाय का?"

*

नवउदारमतवाद मात्र मला समजावता येईना. "म्हणजे बघा, सरकार मागे सरकतं, आणि जे हक्काने मिळायचं ते बाजारातून विकत घ्यावं लागतं," असं मी सांगत होते आणि त्याच वेळी मोबाइलवर केबिन रोडच्या एका डे-केअरचा फॉर्म भरत होते! कॅमेऱ्यातून मूल बघायची सोय होती, तीही टिक केली.

"एक्झाममध्ये फोन बंद असतो, मॅडम," नसरीन म्हणाली.

मी हिरमुसले. काकूंनी हातातली कोळंबी ताटात टाकली. "लेकराला इकत ठेवतेस? मी काय मेली हाय?"

दोनदा नापास झालेल्या बाईला असं कोणी रागवावं, यासारखं भाग्य नाही. फॉर्म तिथेच बंद केला. डोळ्यांतल्या पाण्याचं खापर मी काकूंच्या कांद्यांवर फोडलं. कांदे अजून चिरलेही नव्हते!

*

पेपरच्या दिवशी इराला काकूंकडे सोडलं तेव्हा तिने हंबरडा फोडला. मीही रिक्षात बसून थोडा फोडला.

प्रश्न आला, 'जागतिकीकरणामुळे राज्याची सत्ता संपली आहे का?' फवारणीवाला लिहिला, दार लिहिलं, मीठ लिहिलं. सत्ता संपत नाही, फक्त कोणाचं ऐकलं जातं ते बदलतं, असं काहीतरी ठोकून दिलं. पुरवण्या मागितल्या, आयुष्यात पहिल्यांदा! पण लिहिताना प्रत्येक ओळीत रडणं ऐकू येत होतं.

बाहेर येऊन फोन सुरू केला. काकूंचा एकही मिस्ड कॉल नाही. म्हणजे काहीतरी भयंकर झालं असणार! धावत-पळत गोडदेवला पोहोचले.

इरा ओट्यावर मांडी घालून बसली होती. हातात तांदळाच्या भाकरीचा तुकडा, गालावर अश्रू नाहीत, भाकरीचं पीठ.

"इरा, आई आली! चल घरी!" मी दोन्ही हात पुढे केले.

तिने मला एकदा नीट बघितलं. मग काकूंकडे वळून विचारलं, "आजी, जाऊ का हिच्याबरोबर?"