रोहिदास सुताराचा उलटा खांब

पाटसचा रोहिदास सुतार कामाला कधी थकायचा नाही, पण कुणी फार बोललं की वैतागायचा. वरवंडच्या गिताबाईंच्या मळ्यात लाकडी घर उभं करायचं काम त्यानं घेतलं आणि तिथं त्याला बोलणारीच माणसं भेटली.

गिताबाईंनी बांधावर स्वतः लावलेले साग तोडून बारा खांब निघाले, वरच्या तुळया निघाल्या. आता खांबानं तुळईला धरायचं कसं, यातच आठ दिवस गेले. रोहिदासचं म्हणणं सरळ होतं. खांबाच्या डोक्याला कुसू, म्हणजे जिभेसारखं पुढं आलेलं टोक, काढायचं, तुळईत त्याच मापाची खाच पाडायची, कुसू आत बसवून आडवी लाकडी खुंटी ठोकायची. गिताबाईंचा नातू विक्रम सणसवाडीला कंपनीत कामाला. त्यानं मोबाईलच पुढं धरला.

"मामा, लोखंडी प्लेट लावा आन् नटबोल्ट आवळा. दोन दिवसांत मोकळे."

"लाकूड पावसाळ्यात फुगतं, उन्हाळ्यात आकसतं. बोल्ट ढिला पडला मंजी पान्हा घेऊन वर कोन चढनार, तुझी आजी?"

"चढंन की," गिताबाई म्हणाल्या. "मेंढरांमागं उभा डोंगर चढलीय मी."

शेवटी त्यांनीच निकाल दिला. रोहिदास म्हणतो तसंच करायचं. पण एक जरी खांब चुकला, तर सगळीकडं विक्रमचं लोखंड. त्या दिवसापासून रोहिदासची पटाशी जपून चालू लागली. बापानं शिकवलेलं काम होतं, ते या पोराच्या बोल्टापुढं हरायला नको होतं.

सहा खांब नीट झाले. सातव्याला विक्रम नवा व्हिडिओ घेऊन आला. "मामा, हे जपानचं बघा, एक मिनिट." एकाचे चार व्हिडिओ झाले. रोहिदासनं रागारागानं खांब फिरवला आणि कुसू काढून मोकळा झाला. मग लाकडातल्या गाठींवरून हात फिरवला अन् पटाशी टाकून खाली बसला. झाड जसं उभं असतं तसाच खांब उभा करायचा, बुडखा खाली, शेंडा वर. यानं कुसू बुडख्याला काढलं होतं. खांब उलटा झाला होता. उलट्या खांबाच्या घरात त्या भागात कुणी राहायला जात नाही.

रंधा मारून चौरस केलेलं लाकूड. कुणाच्या बापाला कळलं नसतं.

गिताबाई चहा घेऊन आल्या. "असं का बसलाय, रोहिदासभाऊ?"

"खांब उलटा झालाय, मावशी. माझ्याच हातानं."

विक्रम लगेच म्हणाला, "मग प्लेटा आनू?"

"आन," रोहिदास म्हणाला. ठरलेली अट त्याला मोडता येईना.

"थांब रे," गिताबाई म्हणाल्या. "हे कुसू कापून दुसऱ्या टोकाला काढलं तर खांब कितीनं कमी पडंल?"

"चार बोटं."

"मग त्याच्या बुडाचा दगड चार बोटं उंच बसवा. दगडाला काय तोटा हाय आपल्याकडं?"

रोहिदास जास्तच वैतागला. हे त्याला सुचायला हवं होतं. "पन मावशी, तुमचा शब्द व्हता. एक जरी चुकला तर..."

"तुम्ही बोलला नसता तर मला कळलं असतं का?"

"न्हाई."

"मंग बोल्टाला कोन इचारतंय? चहा घ्या, गार झाला."

रोहिदासनं एका घोटात चहा संपवला आणि करवत उचलली. विक्रमनं खांबाचं दुसरं टोक धरलं. मग त्याचा एक हात खिशाकडं गेला.

"दोन्ही हात खांबाला," रोहिदास म्हणाला.