नदीला जेवू घालणाऱ्या मावशी

रिहे गावात मी विहिरींचं आणि नदीचं पाणी तपासायला गेले, तेव्हा भातखाचरातून एक मावशी आल्या. बोलण्याआधी विळा तळहातावर आपटायची त्यांना सवय होती.

मी समजावलं, "मावशी, जास्तीचा युरिया जमिनीत मुरतो, झिरपत नदीत जातो आणि जलपर्णी वाढते."

विळा दोनदा आपटला. "म्हंजे माजं खत खाऊन ती माजली? मग ती माजीच की!"

पुढच्या खेपेला मावशी कमरेएवढ्या पाण्यात उभ्या राहून खतखड्ड्यासाठी जलपर्णी ओढत होत्या.

"यंदा युरिया निम्माच टाकला. नदीला कशापायी जेवू घालू?"

मी हसले, तोच एक ओला झुबका माझ्या हातात आला.

"नुसतं पानी काय तपासतीस, पोरी? वढ!"

त्या दिवशी नमुना घ्यायचा राहिला; पण हातभर नदी मोकळी झाली.