लाल पट्टी कुठल्या बाजूला?

बाई हॉस्पिटलच्या टेलिफोन बोर्डावर कामाला होत्या. बाहेरून आलेला फोन वायर खोचून हव्या त्या वॉर्डाला जोडून द्यायचा, हेच आयुष्यभर केलं. निवृत्त झाल्या आणि घर खायला उठलं. बोलायला सून होती, पण ती नाटकांना संगीत द्यायची आणि दिवसभर आपल्या खोलीत असायची.

एकदा चहा घेऊन आत गेल्या आणि दारातच थबकल्या. टेबलावर लाकडी पेटी, तिच्यात खेटून बसवलेले बटणांचे डबे आणि एकातून दुसऱ्यात गेलेल्या रंगीत वायरी.

"अगं, हा तर माझा बोर्ड!"

"सिंथेसायझर आहे, आई. एकेक डबा म्हणजे एकेक मॉड्यूल. एक आवाज काढतं, दुसरं त्याला वळण देतं."

"मग हा एक नवा डबा खोक्यातच का पडलाय?"

सून ओशाळली. मागचं मॉड्यूल बसवताना तिच्याकडून विजेची केबल उलटी लागली होती. धूर निघाला, मॉड्यूल कामातून गेलं. तेव्हापासून नव्याला हात लावायचा धीर होत नव्हता.

"मला यातलं ओ की ठो कळत नाही," सासूबाई स्टूल ओढत म्हणाल्या, "पण आम्ही जोडण्याआधी नंबर मोठ्यानं म्हणायचो. तू बोल, मी बघते."

सुनेनं स्विच बंद केला, प्लग काढला आणि मोरीतल्या नळाला हात लावून आली.

"नळाला कशाला?"

"अंगातली वीज उतरवायला. नाहीतर आतले नाजूक भाग जळतात." तिनं चपटी केबल उचलली. "केबलची लाल पट्टी उणे बारा व्होल्टच्या खुणेकडे."

सासूबाईंनी चष्मा सरसावला. "पेटीत लिहिलंय खरं. आणि डब्याच्या पाठीवर?"

सून थांबली. मॉड्यूल उजेडात धरलं, तर खूण दुसऱ्याच टोकाला. "बाई गं! पुन्हा उलटीच लावत होते."

"नाही ना लावलीस? मग फिरव."

केबल फिरवली, दोन्ही टोकं पुन्हा तपासली, स्क्रू आवळले. प्लग लावताना दोघींनी श्वास रोखला. दिवा लागला. धूर नाही, वास नाही. सुनेनं बटण हळूच फिरवलं आणि खोलीभर एक खोल, थरथरता सूर पसरला. सासूबाईंनी तिचा दंड घट्ट धरला.

संध्याकाळी मुलगा कामावरून आला, तर त्याची आई वायरी खोचत होती आणि बायको डोळे मिटून ऐकत होती.

"जेवायला काय आहे?"

"आज तू कर," दोघी एकदम म्हणाल्या.